देवघेवीच्या खिडकीत रोज विचारले जाणारे प्रश्न

यातला एकही प्रश्न आम्ही बसून तयार केलेला नाही. बहुतेक आमच्या सांगलीतल्या वाचनालयाच्या, पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीशी विचारले गेलेत, काही जिन्यात, आणि दोन तर भाजी घेताना मंडईत. खिडकीशी रांग असली की उत्तर तुटक दिलं जातं, मग सभासद म्हणतात, "ग्रंथपाल बाई जरा तुसड्याच आहेत." म्हणून निवांत बसून लिहिलंय.

सभासद व्हायला काय काय लागतं?

दोन फोटो, पत्त्याचा एक पुरावा (आधार, लाइटबिल, घरभाड्याचा करार, काहीही चालेल), अनामत आणि पहिल्या तीन महिन्यांची वर्गणी. दर खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेले आहेत. एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक, मुदत पंधरा दिवस.

जुन्या सभासदाची सही लागते असं अजून पुष्कळांना वाटतं. ती अट आम्ही काढली. बदली होऊन सांगलीत आलेल्या एक बाई "इथं माझ्या ओळखीचं कुणीच नाही" म्हणून दोनदा परत गेल्या होत्या. ओळखी नसलेल्या गावातच माणसाला वाचनालयाची जास्त गरज असते, हे आमच्या डोक्यात त्या तिसऱ्यांदा आल्यावर शिरलं.

वेळ काय?

सकाळी ८ ते ११.३०, संध्याकाळी ४.३० ते ८. सोमवारी बंद. अभ्यासिकेची वेळ वेगळी आहे, ती पुढे सांगितली आहे. "पाच मिनिटं उघडं ठेवा, मी मारुती चौकात आलोय" असा फोन आठ वाजता करू नये. मारुती चौकातून इथं पाच मिनिटांत कुणीही आजवर आलेलं नाही.

सगळी पुस्तकं वरच्या मजल्यावर का नेली? आमचे गुडघे दुखतात.

तक्रार रास्त आहे. बावीस पायऱ्या आहेत, आणि वयाची साठी ओलांडलेले सभासद आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचतात.

पण ऑगस्ट २०१९ चा पूर आठवून बघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. आपल्या खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होतं, आणि ते आठवडाभर हललं नाही. तेव्हा कथा-कादंबऱ्या खाली आणि संदर्भग्रंथ वर अशी रचना होती. म्हणजे ज्यांना रोज हात लागतो ती पुस्तकं पाण्यात आणि ज्यांना वर्षात दोनदा लागतो ती कोरडी. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तोवर कपाटं वर गेलेली होती. त्या वेळी एका टेबलाचे पाय, दोन पंखे आणि एक घड्याळ एवढंच गेलं.

गुडघ्यांसाठी टोपली आहे. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, वर, जुन्या वाड्याच्या विहिरीवरची लोखंडी कप्पी बसवली आहे. खाली बाकावर बसायचं, हवं त्या पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, टोपलीत चिठ्ठी आणि परत करायचं पुस्तक टाकायचं आणि घंटा वाजवायची. वरून पुस्तक खाली येतं. लिफ्टचा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे कधीपासून आहे. टोपली एका दुपारी झाली. नाव आठवत नसेल तर "मागच्या वेळसारखंच, पण रडकं नको" असंही लिहिलेलं चालतं. एक आजी कायम असंच लिहितात, आणि अजून तरी टोपली रागाने परत आलेली नाही.

लहान मुलांना टोपलीत बसवून वर ओढत नाही. रोज विचारतात, म्हणून लिहिलं.

पुरात किती पुस्तकं गेली?

खालच्या मजल्यावरची जवळपास सगळी. कागद पाणी पिऊन फुगतो, फुगला की कपाटात मावत नाही. पाणी ओसरल्यावर दारं उघडेनात. शेवटी एका सुताराने फळ्या कापल्या, तेव्हा पुस्तकं निघाली ती एकमेकांना चिकटून, विटांच्या थरासारखी. दाखल नोंदवह्याही भिजल्या. ज्या पानांवर शाईच्या पेनाने लिहिलं होतं ती निळसर कोरी झाली. बॉलपेनाने लिहिलेलं जसंच्या तसं राहिलं. माझ्या आधीचे ग्रंथपाल सुंदर अक्षरात, टाकाने लिहायचे. त्यांची तीस वर्षं धुऊन गेली आणि माझं गिचमिड अक्षर टिकलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग शिल्लक काय होतं? वरचे संदर्भग्रंथ, आणि लोकांच्या घरी असलेली पुस्तकं. विश्रामबागेत, मिरजेला, कुपवाडला ज्यांनी पुस्तकं नेली होती त्यांनी ती सप्टेंबरात आणून दिली. काहींची मुदत कधीच उलटून गेली होती, आणि ते दंडाची भीती घेऊन आले होते. आम्ही त्या दिवशी दंड घ्यायचा सोडून चहा पाजला. जी वाचायला नेली होती ती वाचली, एवढा एकच विनोद त्या महिन्यात आम्ही केला.

आमच्या घरचं पुस्तक भिजलं तर काय करू?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो, म्हणून नीट सांगते. पहिले दोन दिवस महत्त्वाचे; साधारण अठ्ठेचाळीस तासांनी बुरशी धरायला लागते.

गाळाच्या पाण्यात भिजलं असेल तर पुस्तक मिटलेलंच ठेवून, घट्ट धरून, स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून गाळ जाऊ द्या. पान उघडून पुसायला जाऊ नका, ओला कागद बोटाला चिकटून येतो. मग पुस्तक उभं ठेवा, पानं पंख्यासारखी थोडी सुटी करा आणि दर दहा-वीस पानांत कोरा टिपकागद किंवा न छापलेला वर्तमानपत्री कागद घाला. छापलेला घातला तर बातमी उलटी उमटते. ओला झाला की कागद बदला. खोलीत पंखा लावा, पण पुस्तकावर थेट नको. गच्चीत कडक उन्हात तर मुळीच नको. आम्ही पहिल्या दिवशी तेच केलं, आणि संध्याकाळपर्यंत पुठ्ठे पापडासारखे वळले.

गुळगुळीत कागदाची पुस्तकं, म्हणजे चित्रांची, पाककृतींची, लग्नाचे अल्बम, ही आधी हातात घ्या. ती ओली असतानाच पान-पान सुटं करून मध्ये प्लॅस्टिकचा पातळ कागद घालावा लागतो. एकदा तशीच सुकली की त्यांची वीट होते, मग कुणी काही करू शकत नाही. आणि एकदम खूप पुस्तकं भिजली, हात पुरत नाहीत, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. गोठलेल्या पुस्तकाला बुरशी लागत नाही. सवडीने एकेक काढून वाळवता येतं. घरचे हसतील, हसू देत.

आमच्या बाइंडिंगच्या टेबलावर शनिवारी दुपारी हे सगळं करून दाखवतो. आपलं पुस्तक घेऊन या. खळ आम्ही घरीच शिजवतो आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालतो, म्हणजे कसर लागत नाही. विषारी असतं, म्हणून ते भांडं स्वयंपाकघरात परत जात नाही.

अनामतीची पावती पुरात गेली. पैसे परत मिळतील का?

मिळतील. ओळखपत्र आणा आणि साध्या कागदावर अर्ज करा. आता नोंदी संगणकावर आहेत आणि त्यांची एक प्रत शहरात उंचावरच्या दुसऱ्या ठिकाणी राहते.

दोन दिवस उशीर झाला तर लगेच दंड?

लगेच. रक्कम किरकोळ आहे, त्यातून वाचनालय श्रीमंत होत नाही. पण नव्या कादंबरीच्या एका प्रतीमागे चार-पाच नावं लागलेली असतात. तुम्ही चार दिवस उशिरा आणलं की पाचव्या माणसापर्यंत तो उशीर वाढत जातो. दवाखान्यात होतो, घरात कार्य होतं, असं असेल तर फोनवर मुदत वाढवून मिळते. "पुस्तक संपलंच नाही" हे कारण आम्हाला मनापासून पटतं, पण दंड घेतो.

दिवाळी अंकांची योजना कशी असते?

वर्षातला आमचा सगळ्यात गर्दीचा काळ. मराठीत दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने केली, आणि तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवायची सवय लागली ती लागलीच. आता एकेक अंक तीन-चारशेच्या घरात जातो. घरी चार घ्यायचे म्हटलं तरी विचार पडतो. इथं एकदाच योजनेची वर्गणी भरा आणि गुढीपाडव्यापर्यंत येतील तेवढे अंक आळीपाळीने वाचा. अंक एका वेळी एक, मुदत पाच दिवस. नोंदणी दसऱ्यापासून.

अनुभवाच्या दोन गोष्टी. एक, सगळ्यांना तेच चार अंक पहिल्या आठवड्यात हवे असतात. तेव्हा दुसऱ्या फळीतले अंक न्या, त्यांत बरेचदा जास्त चांगली कथा सापडते. दोन, राशिभविष्याची पानं फाडू नका. गेल्या वर्षी एका अंकातून नेमकी तूळ आणि वृश्चिक गायब होती. संशय दोन सभासदांवर होता, दोघांची रास आम्हाला माहीत नाही, म्हणून प्रकरण मिटवलं. पाककृतींचं पान ब्लेडने कापणाऱ्यांना मात्र सांगणं आहे की आम्ही झेरॉक्स काढून देतो.

झेरॉक्सवरून आठवलं : अख्ख्या पुस्तकाची काढून मिळेल का?

नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. अभ्यासापुरती काही पानं ठीक. हक्क संपलेली जुनी पुस्तकं असतील तर विचारा, पण शिवण सैल झालेलं पुस्तक यंत्राच्या काचेवर पालथं दाबत नाही, त्याचे मोबाइलवर फोटो काढा.

अभ्यासिकेत जागा कधी मिळेल?

यादी लांब आहे हे खरं. सकाळी ६ ते रात्री ११, आणि स्पर्धा परीक्षेच्या जाहिराती आल्या की पहाटे साडेपाचला दारात चपला असतात. जागा क्रमांकाने दिली आहे. बाटली, जर्किन किंवा चालू घडामोडींचा गठ्ठा ठेवून शेजारची जागा मित्रासाठी धरता येत नाही. एका तासाहून जास्त रिकामी दिसली की ती पुढच्याला मिळते. या सुधारणेवर सगळ्यात जास्त भांडणं झाली आणि सगळ्यात जास्त फायदाही हिचाच झाला.

प्रत्येक टेबलाला चार्जिंगचा पॉइंट बसवला आहे. वायफाय आहे, रात्री नऊनंतर क्रिकेट लावलं की सगळ्यांचं मंद होतं, हे ज्याचं त्याला कळतंच. मुलींची बैठक दर्शनी बाजूला हवी अशी मागणी मुलींनीच केली होती, जिन्याजवळचा दिवा आणि कॅमेरा त्यानंतर आला.

माझी एक वैयक्तिक तक्रार. ही मुलं दिवसाचे चौदा तास वाचनालयात असतात आणि वरच्या मजल्यावर कधी येत नाहीत. एकच मुलगा रोज रात्री जाताना एक कथा वाचतो, उभ्यानेच, कपाटाशी. तो परीक्षा पास होवो न होवो, मी त्याची वाट बघते.

पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६३ असा आकडा असतो, तो काय?

ती मराठी कथा-कादंबरी. ८९१.४६१ म्हणजे मराठी कविता, ८९१.४६२ म्हणजे नाटक. ही दशांश वर्गीकरणाची पद्धत अमेरिकेतल्या मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली काढली. इंग्रजी साहित्याला त्यांनी अख्खं ८२० दिलं. मराठीला दशांश चिन्हापलीकडे कोपरा मिळाला. आमच्या वाचनालयात दहातली सात कपाटं त्या कोपऱ्यातच आहेत. आकडा पाठ करायची गरज नाही, नाव सांगितलं तरी काढून देतो. पुस्तक स्वतः शोधून बघितलंत तर ते परत कपाटात न ठेवता टेबलावर ठेवा. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवलेल्या पुस्तकासारखंच असतं, फक्त त्याचा दंड कुणाकडून घ्यायचा ते कळत नाही.

जुनी पुस्तकं द्यायची आहेत. न्यायला कधी येता?

आधी यादी पाठवा. राग मानू नका. वडील गेल्यावर कपाट मोकळं करताना फोन करणाऱ्या माणसाला "यादी करा" म्हणणं जड जातं. पण न बघता घेतलेल्या पोत्यांत शाळेची गाइडं, मागच्या दशकातले संगणकाचे कोर्स आणि वाळवी निघते. वाळवी आमच्या बाकीच्या पुस्तकांचंही वाचन सुरू करते.

आम्हाला हवं ते असं : सांगली-मिरजेविषयीचं काहीही. संस्थान काळातले अहवाल, शाळांच्या स्मरणिका, जुन्या मासिकांचे सलग अंक, आणि नाटकांच्या जाहिराती, तिकिटं, हस्तलिखित संहिता. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, म्हणून तर ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. असं असून हौशी नाटकांचे जुने कागद गावात शोधायला गेलं की माळ्यावर उंदरांनी खाल्लेले मिळतात. तुमच्या काकांनी १९७२ साली स्त्रीपार्ट केला असेल आणि त्याचा एक फोटो असेल, तर आम्ही तो स्कॅन करून मूळ फोटो तुम्हाला परत देऊ. मागच्या वर्षी हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरातून एक ट्रंक आली. वर वहीखातं, खाली नाटकाची वही, आणि सगळ्याला हळदीचा वास. कीड मात्र एका पानालाही नव्हती.

सरकारी अनुदान मिळतं ना? मग वर्गणी कशाला?

अनुदान मिळतं, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली. मान्यताप्राप्त वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे रक्कम ठरते. ती हप्त्याने येते आणि वीजबिल दर महिन्याला येतं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडूनही पुस्तकं मिळतात, पण ती त्यांच्या निवडीची असतात. तुम्ही सूचना वहीत लिहिलेली पुस्तकं वर्गणीतूनच घेतो. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आकडा इथं लिहीत नाही, वाचून तुम्हालाच संकोच होईल.

सूचना वहीत लिहिलेलं पुस्तक तीन महिने झाले, आलं नाही.

वहीत "ते निळ्या कव्हरचं, टीव्हीवर सांगितलं ते" असं लिहिलेलं आहे. कृपया येऊन भेटा.

दिसत नाही त्यांच्यासाठी काही सोय आहे का?

आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. 'सुगम्य पुस्तकालय' हे २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन भांडार आहे. छापील अक्षर वाचता न येणाऱ्यांना तिथली पुस्तकं ऐकण्याच्या किंवा ब्रेलच्या स्वरूपात मिळतात. यासाठी प्रकाशकाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ साली तशी तरतूद झाली, आणि २०१४ मध्ये याच कामासाठीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. नोंदणी करून द्यायला, मोबाइलवर लावून द्यायला आम्ही मदत करतो. गुरुवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावर एक सभासद मोठ्याने वाचून दाखवतात. ते सरावाने इतकं छान झालंय की डोळे शाबूत असलेलेही येऊन बसतात.

घरबसल्या काही वाचता येईल का?

मराठी विश्वकोश पूर्ण फुकट ऑनलाइन आहे. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला तो घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. आमची ग्रंथसूचीही आता मोबाइलवर दिसते. पुस्तक आत आहे का बाहेर, ते बघून मगच रिक्षा करा.

मुलांसाठी काय असतं?

बालविभाग खालीच ठेवला आहे, कारण मुलं बावीस पायऱ्या चढताना बावीस वेळा उड्या मारतात. चौदा वर्षांखाली अनामत नाही. रविवारी सकाळी दहाला गोष्ट. ऐकायला आलेल्या पालकांनी मध्येच "सांग, यातून काय शिकलास?" असं विचारू नये. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मुलंच खिडकीत बसून देवघेव करतात, आणि आमच्यापेक्षा कडक दंड लावतात. पुस्तकावर भडंगाचं तेल लागलं तर लपवू नका, टाल्कम पावडर टाकून रात्रभर दाबून ठेवलं की बरंचसं निघतं.

पुन्हा पाणी यायला लागलं तर?

बालविभागाची पुस्तकं कपाटात नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती द्राक्षांच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये उभी ठेवली आहेत. क्रेट उचलला की पुस्तकं उचलली. धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की जिन्यात उभं राहायला माणसं लागतात. हातोहात सगळे क्रेट पाऊण तासात वर जातात. ज्यांना यायचं असेल त्यांनी खिडकीशी नंबर लिहून ठेवावा. गुडघेवाल्यांनी टोपली ओढावी.

आयर्विनला पाणी ४० फुटांवर गेलं की त्या दिवसापासून दंड थांबतो आणि दोन पुस्तकांची मर्यादा उठते. विश्रामबागेकडे, मिरजेकडे, कुठंही उंचावर घर असेल तर पिशवी घेऊन या. पाच न्या, दहा न्या. परत कधी आणायची ते पाणी उतरल्यावर बघू.